लेप्टोचा ताप आणि रक्ताचा रिपोर्ट



भाताची लावणी सुरू झाली, की रविवारच्या मिस्साला पुरुषमंडळी कमी दिसू लागतात, आणि मिस्सानंतर कोणीतरी दाराशी थांबून सांगते, “फादर, घरी ताप आलाय, प्रार्थना करा.” प्रार्थना मी करतोच. पण गेल्या काही पावसाळ्यांपासून मी आणखी दोन प्रश्न विचारू लागलो आहे. तापाचा आज कितवा दिवस? आणि चिखलात काम केले होते का? हे प्रश्न मी का विचारतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आपल्यातल्याच एका माणसाची हकीकत सांगतो. त्याच्या घरच्यांना विचारून लिहितो आहे. नाव मात्र लिहीत नाही. वय चाळिशीच्या आतले, अंगाने धट्टाकट्टा, नंदुरबारकडून वीस वर्षांपूर्वी इकडे आलेला. ऊसतोडीत आयुष्य गेले. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर चिखलणी आणि लावणी करायचा. जुलैअखेरीस त्याला थंडी वाजून ताप आला, डोके फुटेल असे दुखू लागले, आणि पोटऱ्या इतक्या ठणकू लागल्या की परसाकडे जायलाही बायकोचा खांदा लागला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी “काय काम करतोस?” असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “मजुरी.” त्यांना वाटले, गिरणीतली किंवा बांधकामावरची. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो अशा तिन्ही तपासण्या झाल्या. संध्याकाळी त्याची पत्नी तो कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण इंग्रजी वाचता येणारा जवळचा माणूस मीच. तिन्ही ओळींपुढे ‘निगेटिव्ह’ होते. मी तिला म्हणालो, “देवाचे आभार मान. लेप्टो नाही. साधा ताप आहे, उतरेल.”

सेमिनरीत मी ग्रीक शिकलो, लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ वाचले. पण तो अर्धा पान कागद मला वाचता आला नाही. तो कागद जे सांगत नव्हता ते मी त्याच्या तोंडी घातले.

पाचव्या दिवशी ताप थोडा उतरला, म्हणून सगळे निश्चिंत झाले. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले. शेजारच्या गावात काविळीवर झाडपाल्याचे औषध देतात, तिकडे त्याला नेले आणि तो दिवस त्यात गेला. सातव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो शेतीचा, आणि रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू केले. पुन्हा रक्त घेतले. नवव्या दिवशी खोकल्यातून रक्त येऊ लागले आणि त्या रात्री तो गेला. आम्ही त्याला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या रक्ताचा रिपोर्ट आला. लेप्टो पॉझिटिव्ह.

आता प्रश्न असा, की पहिला रिपोर्ट खोटा होता का? मी दोन डॉक्टरांना विचारले. दोघांनीही सांगितले, की खोटा नव्हता. तो वेळेआधी केलेला होता. हे नीट समजावे म्हणून थोडे मागे जाऊ.

लेप्टोचा जंतू मळसूत्रासारखा पिळदार आणि केसाहूनही कितीतरी बारीक असतो. त्याचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. १९०७ साली स्टिम्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने एका मृताच्या मूत्रपिंडात तो प्रथम पाहिला, तेव्हा त्याला तो प्रश्नचिन्हासारखा दिसला, म्हणून त्याने नावच ‘इंटरोगान्स’ म्हणजे प्रश्न विचारणारा असे ठेवले. गंमत पाहा, तो मृत मनुष्य पीतज्वराने गेला अशीच त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. म्हणजे हा जंतू माणसाला पहिल्यांदा दिसला तोच मुळी चुकीच्या निदानाच्या पोटात!

पुढे तर मोठमोठे शास्त्रज्ञ फसले. जर्मनीत वाइल यांनी १८८६ साली या रोगाच्या कावीळ-प्रकाराचे वर्णन केले होते, आणि जपानमध्ये इनाडा व इदो यांनी १९१५ च्या सुमारास त्याचा जंतू शोधून काढला होता. असे असूनही जगप्रसिद्ध जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची १९१८ मध्ये दक्षिण अमेरिकेत इक्वाडोरला गेले, पीतज्वराच्या म्हणून दाखवलेल्या रोग्यांच्या रक्तात त्यांना लेप्टोचे जंतू सापडले, आणि हेच पीतज्वराचे कारण असे त्यांनी जाहीर केले. त्यावर लसही निघाली. वस्तुतः पीतज्वर विषाणूमुळे होतो. नोगुचींना सापडला तो लेप्टोच होता. दोन्हींत ताप, दोन्हींत कावीळ, दोन्हींत रक्तस्राव. १९२८ साली आफ्रिकेत अक्रा येथे संशोधन करीत असताना नोगुची स्वतः पीतज्वराने वारले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या गावच्या दवाखान्यात घोटाळा झाला तर डॉक्टरांना दोष देण्याची घाई नको.

आपल्या देशातही असेच झाले. अंदमानात १९८८ पासून पावसाळ्यानंतर ताप आणि खोकल्यातून रक्त अशी साथ येई. कारण कळेना, म्हणून तिला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असे नाव देऊन ठेवले होते. काही वर्षांनी तपासणीत कळले, की तो लेप्टोच आहे. आणि अंदमानात लेप्टो असल्याचे टेलर व गोयल यांनी १९३१ सालीच लिहून ठेवले होते! लिहिलेले होते, पण कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

आपल्या सुरतेचे १९९४ साल ज्यांनी पाहिले ते अजून विसरलेले नाहीत. त्या सप्टेंबरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे रातोरात शहर सोडून गेली. हा प्लेगच का दुसरे काही, यावर डॉक्टरांत बराच वाद झाला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शेवटी प्लेग असल्याचे सांगितले. दक्षिण गुजरातेतील लेप्टोच्या नोंदीही १९९४ पासूनच्याच आहेत. तेव्हापासून सुरत, नवसारी, वलसाड आणि २००७ मध्ये सुरतेतून वेगळा झालेला तापी जिल्हा, या पट्ट्यात दर पावसाळ्यात हा रोग येतो. शहर पुढे स्वच्छ झाले, त्याचे कौतुक देशभर झाले. पण शेतातला उंदीर शेतातच राहिला.

इथेच का, असे कोणी विचारील. लेप्टोचा जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो. त्यांना काही होत नाही, पण लघवीवाटे तो सतत बाहेर पडतो. गाय, म्हैस, डुक्कर आणि कुत्रा यांच्याही लघवीतून येतो. उन्हात आणि कोरड्या जागी तो लवकर मरतो, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे जगतो. आपल्याकडे काळी चिकण माती, पाणी धरून ठेवणारी. त्यात काकरापार आणि उकाई यांचे कालवे आले. भात आणि ऊस यांनी बारडोली, महुवा, कामरेज, ओलपाडचा चेहरा बदलून टाकला. त्या कालव्यांनी आपल्याला भाकरी दिली, याबद्दल दुमत नाही. पण उंदराला बारमाही अन्न, उसाचा आडोसा, आणि त्याच्या जंतूला बारमाही ओल हेही त्याच पाण्याने दिले. लावणी करणारी बाई सात-आठ तास गुडघाभर चिखलात उभी असते. पायाची कातडी भिजून मऊ पडते, भेगा उघड्या असतात, उसाच्या पात्याने पोटरी चिरलेली असते. जंतूला दार उघडेच मिळते. डोळ्यांत उडालेल्या चिखलाच्या पाण्यातूनही तो आत शिरतो. मग बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. कधी कधी महिनाही लागतो. तोपर्यंत लावणी संपलेली असते आणि चिखलाची आठवण कोणी काढीत नाही.

आता रिपोर्टाकडे वळू. हा भाग सावकाश वाचा.

तापाच्या पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो. त्यानंतर तो रक्तातून नाहीसा होऊ लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात लघवीत दिसतो. आपले शरीर त्याच्याशी लढण्यासाठी जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून रक्तात दिसू लागतात. गावातल्या प्रयोगशाळेत जी पट्टीची तपासणी करतात, किंवा ज्याला आयजीएम एलायझा म्हणतात, ती जंतू शोधत नाही. ती ही प्रतिद्रव्ये शोधते. म्हणून तिसऱ्या दिवशी रक्त दिले, तर जंतू रक्तात भरलेला असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. शेतात चोर शिरला आहे, पण पाटलाकडे अजून तक्रारच गेलेली नाही. अशा वेळी तक्रारीची वही पाहून “चोर नाही” असे म्हणणे जसे, तसे मी त्या संध्याकाळी बोललो होतो.

मग जंतूच का शोधू नये? शोधतात. पण त्याच्याही अडचणी आहेत. विशेष प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर रक्त पाहतात, तेव्हा रक्तातले बारीक तंतू अगदी लेप्टोसारखेच वळवळताना दिसतात आणि अनुभवी माणूसही फसतो. शिवाय जंतू थोडे असले तर दिसतच नाहीत. जंतू वाढवून पाहण्याची पद्धत खात्रीची खरी, पण हा जंतू इतका सावकाश वाढतो की त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर रोगी बरा झालेला असतो किंवा देवाघरी गेलेला असतो. पीसीआर नावाची नवी तपासणी पहिल्या आठवड्यातच जंतूचा अंश पकडते. पहिल्या चार-पाच दिवसांत ती सर्वांत उपयोगी, पण ती प्रत्येक ठिकाणी होत नाही, आणि प्रतिजैविक औषध सुरू झाल्यावर तीही चुकू शकते.

सर्वांत प्रमाण मानली जाणारी तपासणी म्हणजे मॅट. तिच्यासाठी प्रयोगशाळेला लेप्टोच्या निरनिराळ्या जातींचे जिवंत जंतू वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात, जणू गोठाच! रोग्याच्या रक्ताचा पातळ अंश त्या प्रत्येक जातीत मिसळतात आणि कोणत्या जातीचे जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात ते पाहतात. जाती तर अडीचशेहून अधिक. आपल्या भागातली जात त्या गोठ्यात नसेल, तर मॅटही निगेटिव्ह येते. अशी सोय असलेल्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच. अंदमानात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आहे. आणि मॅटचा पक्का निकाल हवा, तर रक्त दोनदा द्यावे लागते, पहिल्यांदा आजाराच्या सुरुवातीला आणि नंतर साधारण दोन आठवड्यांनी. प्रतिद्रव्ये चौपट वाढली, तर लेप्टो नक्की. आपल्यापैकी किती जण बरे वाटू लागल्यावर दुसऱ्यांदा रक्त द्यायला जातात? मजुरी बुडवून, भाडे खर्चून कोण जाईल, आणि मी तरी कोणत्या तोंडाने आग्रह करू?

याच्या उलट चूकही होते. आपण शेतकरी माणसे वर्षानुवर्षे याच चिखलात. अनेकांना कधीतरी लेप्टोचा हलका ताप येऊन गेलेला असतो आणि त्यांना तो कळलेलाही नसतो. त्याची प्रतिद्रव्ये महिनोन्‌महिने रक्तात राहतात. मग डेंग्यूचा ताप आलेल्या माणसाचा लेप्टोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. म्हणून पॉझिटिव्ह कागद हातात घेऊन “आता कळले” म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका. मलेरिया निघाला म्हणजे लेप्टो नाही, असेही समजू नका. दोन्ही एकाच अंगात एकाच वेळी असू शकतात.

असा हा घोटाळा फक्त आपल्याकडेच नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी लाइम नावाचा रोग ऐकला असेल. कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून हे नाव पडले. १९७५ च्या सुमारास तिथे बऱ्याच मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा शोध सुरू झाला. तो गोचिडीमुळे होतो, आणि त्याचा जंतूही लेप्टोसारखाच पिळदार, एकाच गोतातला. तिथेही पहिल्या आठवड्यांत रक्ताची तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आणि अंगावर लाल चकंदळ दिसले तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध देतात. इतका पैसा आणि इतकी यंत्रे असलेल्या देशातही शेवटी डोळ्यांनी पाहणे आणि विचारणे यावरच निदान उभे राहते.

आपल्या डॉक्टरांचेही तेच म्हणणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत फेन या तज्ज्ञाने गुणांची पद्धत घालून दिली. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांचे दुखणे आणि कावीळ यांना गुण. चिखल, जनावरे आणि दूषित पाणी यांच्याशी संबंध आला असेल तर त्यांना गुण. आणि तपासणीला गुण. पुढे आपल्या देशातील तज्ज्ञांनी त्यात पावसाचेही गुण घातले. म्हणजे तुमच्या तोंडची माहिती हीसुद्धा एक तपासणीच आहे, आणि ती फुकट होते. आमच्या त्या माणसाने ‘मजुरी’ ऐवजी ‘भाताची लावणी’ म्हटले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलात, की न विचारता सांगा: तापाचा कितवा दिवस, गेल्या महिन्याभरात चिखलात, उसात, गोठ्यात किंवा तुंबलेल्या पाण्यात काम केले का, पायाला जखम होती का, आणि आधी कोणत्या गोळ्या घेतल्या. पोटऱ्या दाबल्यावर दुखतात का, डोळे लाल आहेत का (पू नसलेली लाली), तेही सांगा. विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत बहुधा ताप उतरलेला असतो. लेप्टोत ताप आणि कावीळ बरोबर राहू शकतात आणि लघवी कमी होते. हे चिन्ह दिसल्यावर झाडपाल्याकडे एक तासही घालवू नका. झाडपाला देणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही एवढेच माझे म्हणणे आहे. खोकल्यात रक्त दिसले, दम लागला, लघवी कमी झाली, तर थेट नव्या सिव्हिल हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयात. सुरतच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळींनी या रोगावर बरीच वर्षे काम केले आहे.

औषध महाग नाही, ही यातली समाधानाची गोष्ट. डॉक्सिसायक्लिन आणि पेनिसिलिन ही जुनी औषधे लवकर दिली तर गुण येतो. आजार तीव्र असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन देतात. संशय आला की डॉक्टर तपासणीसाठी रक्त घेतात आणि त्याच वेळी औषध सुरू करतात. “रिपोर्ट आला नाही तर गोळ्या कशाला?” असे म्हणून त्या फडताळात ठेवू नका. मात्र स्वतःच्या मनाने, दुकानातून आणूनही घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे औषध आहे.

पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी शेतावर येऊन आठवड्याला एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्याबद्दल पुष्कळ कुरकुर ऐकू येते. पोटात जळजळते, म्हणून बायका त्या पदराला बांधून ठेवतात. पनामाच्या जंगलात शिकाऊ अमेरिकन सैनिकांवर या गोळीचा प्रयोग झाला होता. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात गोळी घेणाऱ्यांत लेप्टो फार कमी आढळला. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतली तर जळजळ कमी होते. गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

जनावरांबद्दल थोडेसे. गाय किंवा म्हैस अकाली गाभडली, दूध अचानक आटले, तर नुसती दृष्ट काढून थांबू नका. अनेक कारणे असतात, त्यातले एक लेप्टो. पशुवैद्याला बोलवा, आणि पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नका. गोठ्यातली लघवी वाहून जाईल असा उतार करा. लावणीला गमबूट घालून पाय उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः एकदा घालून पाहिले आणि एक बूट चिखलातच राहिला. पण जखमेवर पट्टी बांधणे, आणि काम संपल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करणे, एवढे तर जमते.

आणखी एक, मनाला लागलेली गोष्ट. त्या अंत्यविधीच्या दिवशी शवपेटीला खांदा द्यायला चार माणसे मिळता मिळता पुरेवाट झाली. लोकांना १९९४ आठवले. लेप्टो हा माणसापासून माणसाला लागणारा आजार नाही असेच समजा. तसे घडणे फारच विरळा. शेजाऱ्याच्या घरी लेप्टो झाला, तर त्याच्या मुलांना आपल्या अंगणात खेळू द्या आणि त्याच्या घरी पेज पोचवा.

बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी काढून वाचा. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्मिले आहे, असा त्याचा आशय आहे. वैद्याला पुरी माहिती देणे हा मला त्या मानाचाच भाग वाटतो.

धर्मग्रामाच्या कार्यालयात मी छापील चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. त्यावर मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत पाच ओळी आहेत: ताप सुरू झाल्याची तारीख, काम कोणते, जखम, जनावरे, घेतलेली औषधे. ताप आला की चिठ्ठी भरून डॉक्टरांच्या हाती द्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून भरून घ्या, नाहीतर माझ्याकडे या. रक्त ज्या दिवशी दिले ती तारीख रिपोर्टावर आहे ना, ते पाहा. आणि तो कागद मला वाचायला आणलात, तर तापाचा कितवा दिवस हे विचारल्याशिवाय मी आता तोंड उघडणार नाही. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप उतरला नाही, तर सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा रक्त द्यायला जायचे. त्या दिवसाची मजुरी बुडत असेल, भाडे नसेल, तर संकोच न करता कार्यालयात सांगा. गरिबांच्या पेटीतून त्याची सोय करू.